समर ऑफ कोडचे जुने प्रस्ताव गटाने कसे जपावेत?

तुमचा प्रश्न असा की, बडोद्यातल्या तुमच्या कॉलेजगटातली मुलं दरवर्षी गूगल समर ऑफ कोडला (मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थांसाठी कोड लिहिण्याच्या गूगलच्या उपक्रमाला) अर्ज करतात, पण सीनिअर बाहेर पडले की त्यांचे प्रस्ताव सापडत नाहीत. मग सामायिक संग्रह कसा करावा?

हरवण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सगळ्यांकडे असते ती नुसती लिंक. मूळ डॉक्युमेंट सीनिअरच्या कॉलेज-ईमेलवर असतं. ते खातं बंद झालं की लिंकही मेली. म्हणून लिंका नकोत, फाइली मागा. समर ऑफ कोडच्या साइटवर निवड झालेल्या प्रकल्पांचा गोषवारा राहतो, पूर्ण प्रस्ताव नाही. निवड न झालेल्यांचा तर तिथे मागमूसही नसतो.

साधी गिट रिपॉझिटरी (फाइली आणि त्यांतला प्रत्येक बदल जपणारा साठा) पुरते. प्रत्येक प्रस्तावाला एक फोल्डर आणि त्याचं नाव वर्ष-संस्था-विषय असं, मध्ये रिकामी जागा न सोडता. आत पीडीएफ आणि मार्कडाउन (साध्या मजकुराची फाइल), दोन्ही. मार्कडाउनमुळे सगळ्या प्रस्तावांत एकदम शोधता येतं. मार्कडाउनमध्ये रूपांतर करणारं पॅनडॉक हे साधन पीडीएफ वाचत नाही, त्यामुळे वर्ड फाइल किंवा मूळ गूगल डॉक मागून घ्या. वेळापत्रकाचे तक्ते रूपांतरात विस्कटतात, ते हातानेच नीट करावे लागतात.

वर एक छोटं नोंदपत्र हवं: वर्ष, संस्था, प्रकल्पाचे तास (९०, १७५ की ३५०), निकाल, मेंटॉरचा (संस्थेतल्या मार्गदर्शकाचा) अभिप्राय, आणि काम झालं असल्यास त्याचा दुवा. १९१० साली ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांची घडी बसवणाऱ्या बडोद्यात नोंदपत्राची महती वेगळी सांगायला नको!

नाकारलेले प्रस्ताव वगळू नका. माझ्या मते संग्रहाचा अर्धा जीव त्यातच आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत बदल सुचवण्याच्या पेप पद्धतीत नाकारलेला प्रस्तावही क्रमांकासकट कायम राहतो. पेप ३१३६ मध्ये लेबल लावलेले ब्रेक आणि कंटिन्यू (लूप थांबवण्याच्या किंवा पुढच्या फेरीला जाण्याच्या आज्ञा) मागितले होते. ते २००७ साली नाकारले गेले, आणि इतका गुंतागुंतीचा कोड विरळाच लागतो हे कारणही तिथेच वाचायला मिळतं. तुमच्या नोंदपत्रातही ‘नाकारला’ एवढंच लिहून थांबू नका. संस्थेला जागाच कमी मिळाल्या, विषय दुसऱ्याला गेला, की आधी एकही पॅच (कोडमधली दुरुस्ती) दिला नव्हता, हे लिहा. मेंटॉरचा खाजगी ईमेल मात्र त्याला विचारल्याशिवाय चिकटवू नका.

सगळ्यात जास्त काळजी खाजगी माहितीची. प्रस्तावात फोन नंबर, घरचा पत्ता, कधी परीक्षेचे गुणही असतात. एकदा कमिट केलेलं (रिपॉझिटरीत नोंदलेलं) नंतर पुसलं तरी गिटच्या इतिहासात राहतंच. गिट फिल्टर-रेपो या साधनाने इतिहास नव्याने लिहिता येतो, पण इतरांच्या फोर्कमधली (त्यांनी स्वतःकडे घेतलेल्या नकलेतली) प्रत तुमच्या हाताबाहेर असते. म्हणून गाळणी कमिटच्या आधी, रिपॉझिटरीबाहेर लावा. पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही, खालचा मजकूर कॉपी होतो. मूळ डॉक्युमेंटमधून ओळ काढा आणि पीडीएफ नव्याने बनवा. फाइलच्या मेटाडेटातलं (फाइलबद्दलच्या दडलेल्या माहितीतलं) नाव एक्झिफटूल या साधनाने काढलं तरी ते परत मिळवता येतं, कारण तो बदल फाइलच्या शेवटी जोडला जातो. त्यानंतर क्यूपीडीएफ या साधनाने लिनिअराइझ केलं (फाइल नव्याने लिहून घेतली) की जुना भाग जातो.

लेखकाची लेखी परवानगी आणि परवाना दोन्ही घ्या; क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० (लेखकाचं नाव देऊन कोणालाही वापरू देणारा) ठीक. नाव नको असेल तर नावाशिवाय ठेवा.

प्रस्ताव निकालानंतरच टाका. मुदत चालू असताना टाकलेला प्रस्ताव कोणीतरी उचलतो आणि दोघंही अडचणीत येतात. जुन्या प्रस्तावाची नक्कल मेंटॉरच्या लगेच लक्षात येते, हे नवीन मुलांना रीडमीमध्येच (रिपॉझिटरीच्या माहितीपानावरच) बजावा.

रिपॉझिटरी एखाद्या मुलाच्या खात्यावर ठेवू नका. गटाचं ऑर्गनायझेशन खातं काढा, किमान दोन मालक नेमा, आणि त्यातला एक तरी शेवटच्या वर्षाचा नसावा.