स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात कोणती ऐतिहासिक स्मारके आहेत?

कॅलिफोर्नियातील या वृक्षोद्यानात मुख्यतः दोन स्मारके पाहण्याजोगी आहेत: स्टॅनफर्ड कुटुंबाची समाधी आणि शोकमग्न देवदूताचा संगमरवरी पुतळा. लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक मुलगा १८८४ साली फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने दगावला, तेव्हा तो अवघा १५ वर्षांचा होता; त्याच्या स्मरणार्थ त्यांनी विद्यापीठ स्थापन केले, आणि जिथे नवे घर बांधण्याचा त्यांचा बेत होता त्याच परिसरात आज तिघेही चिरविश्रांती घेत आहेत. समाधीच्या दर्शनी बाजूस पुरुषरूपी स्फिंक्स (माणसाचे डोके आणि सिंहाचे धड असलेल्या मूर्ती) आहेत. मागे मात्र अवश्य फिरून यावे, कारण ग्रीक धाटणीचे, अनावृत वक्षाचे स्त्रीरूपी स्फिंक्स आधी समोर होते आणि ते न रुचल्यामुळे मागे हलवले गेले, असे सांगतात.

माझ्या मते खरा ठाव घेतो तो जवळचा देवदूत. वेदीवर कोसळलेला, एका हातात तोंड खुपसलेला, दुसरा हात निर्जीवपणे खाली लोंबणारा. विल्यम वेटमोर स्टोरी यांनी रोममध्ये पत्नीच्या थडग्यासाठी घडवलेल्या शिल्पाची ही प्रतिकृती जेन यांनी आपले बंधू हेन्री क्ले लॅथ्रॉप यांच्यासाठी १९०१ मध्ये उभारली. १९०६ च्या भूकंपात तिची मोडतोड झाली आणि १९०८ मध्ये तिच्या जागी नवी प्रतिकृती बसवण्यात आली.

समाधीजवळच रुडॉल्फ उलरिक यांनी १८८० च्या दशकात आखलेली निवडुंगांची बागही आहे.