वडोदऱ्याहून कबीरवडच्या बेटावर स्वतःची होडी करून एका दिवसात जाऊन यावे का?

आपण विचारले आहे की वडोदऱ्यात नव्याने राहायला आल्यानंतर आपल्या कुटुंबाला, म्हणजे आपण दोघे, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले वडील यांना, एका दिवसात जाऊन येता येईल असे शांत, झाडीने भरलेले बेट हवे आहे. तिथे इतरांबरोबर दाटीवाटीने न जाता स्वतंत्र होडी करायची आहे, आणि कोणीतरी सुचवलेले कबीरवड त्यासाठी योग्य आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

योग्य आहे, आणि आपण जावेच असे मी मनापासून म्हणेन. मात्र रविवारी जाऊ नये, थंडीच्या दिवसांत जावे, आणि होडीच्या बाबतीत कोणाच्याही भिडेला पडू नये. मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले आणि कबीरवडला आजवर पाच वेळा गेले आहे. त्यांपैकी दोन वेळा आम्ही चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी गेलो होतो, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

कबीरवड हे भरूचच्या पूर्वेला साधारण १६ किलोमीटरवर, शुक्लतीर्थजवळ, नर्मदेच्या पात्रातले बेट आहे. वडोदऱ्याहून भरूच सुमारे ७५ किलोमीटर. सकाळी सहाच्या सुमारास गाडी काढली तर वाटेत चहा घेऊनही आठ-साडेआठपर्यंत नदीवर पोहोचता येते. उत्तर काठावर मढी नावाने ओळखल्या जाणाऱ्या घाटावरून होड्या सुटतात. तिथे माणसे भरली की सुटणारी होडी असते आणि आपल्यापुरती ठरवलेलीही मिळते. घाटावर 'स्पेशल करायची आहे' एवढे म्हटले की पुरते. भाडे चढण्यापूर्वी ठरवावे, जाऊन-येऊन ठरवावे, आणि बेटावर नावाडी किती वेळ थांबणार हेही त्याच वेळी बोलून घ्यावे. निम्मे पैसे परतल्यावर द्यावेत, असा माझा सल्ला आहे.

स्वतंत्र होडी करावी असे मी म्हणते ते निवांतपणासाठी आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की होडीत किती माणसे बसणार हे मग आपल्या हातात राहते. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका बुडून गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक माणसे होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट दिलेले नव्हते. त्या दिवसानंतर वडोदऱ्यातल्या कोणत्याही घरात होडीचा विषय पूर्वीसारखा सहज निघत नाही, आणि निघू नये असेच मला वाटते. म्हणून होडीत पाय ठेवण्याआधी जॅकेट मागावे, प्रत्येकासाठी मागावे, आणि मुलीचे जॅकेट स्वतः तपासावे. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते मुलाच्या अंगाबरोबर न राहता वर सरकते आणि मूल खाली जाते. तपासायची रीत सोपी आहे: पट्टे आवळून बंद करावेत, मग मुलीच्या दोन्ही खांद्यांवरून जॅकेट धरून वर उचलून पाहावे, ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर गेले तर ते तिच्या मापाचे नाही. घाटावर लहान मापाची जॅकेटे मिळतीलच असे नाही. आम्ही २०२४ नंतर गेलो तेव्हा भाचीसाठी जॅकेट घरूनच विकत घेऊन गेलो होतो. नावाडी 'पाच मिनिटांचे तर पाणी आहे' असे म्हणेल. तो खोटे बोलत नसतो, त्याला रोजची सवय असते. पण आपल्याला ती नाही.

आता भरती-ओहोटीविषयी, कारण वडोदऱ्याच्या माणसाला नदीला भरती येते हे सहसा लक्षातच राहत नाही. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे आणि नर्मदेच्या मुखातून ती भरूचच्या वर या भागापर्यंत जाणवते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो, सासूबाई बरोबर होत्या, आणि ती स्वतंत्र होडी नव्हती. जाताना पाणी काठोकाठ होते. बेटावर आम्ही रमलो, उशीर केला, आणि परत निघालो तेव्हा ओहोटी इतकी उतरली होती की पात्राच्या मध्यावर होडी वाळूला टेकली. दोन माणसे गुडघाभर पाण्यात उतरून ढकलत होती आणि आम्ही बाकीचे गप्प बसून होतो. खोल धार सापडेपर्यंत पाऊण तास गेला आणि काळोख पडला. कोणाला काही झाले नाही, पण सासूबाईंनी माझा हात काठ येईपर्यंत सोडला नाही. पाण्याची वेळ नावाड्याने सांगितली नव्हती आणि आम्ही विचारलीही नव्हती.

तेव्हापासून मी आधी पंचांग पाहते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि फरक कमी राहतो. त्यामुळे वडीलधारे माणूस बरोबर असताना सप्तमी ते दशमीमधला एखादा दिवस निवडावा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि रोज वेळ जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मागच्या आठवड्यात कोणी सांगितलेली वेळ आपल्या उपयोगाची नाही. घाटावर पोहोचल्यावर पहिला प्रश्न 'भरती-ओट नो टाइम शुं छे?' हा विचारावा. ज्याला ते नीट सांगता येते त्याचीच होडी करावी.

पावसाळ्यात जाण्याचा विचारही करू नये. वर सरदार सरोवर आहे. धरण भरत आले की दरवाजे उघडतात आणि खालचे पाणी पाहता पाहता चढते. भरूचला गोल्डन ब्रिजपाशी धोक्याची पातळी २४ फूट धरली जाते आणि सप्टेंबर २०२३ च्या पुरात नदी तिच्या कितीतरी वर गेली होती. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा शुक्लतीर्थची जत्रा भरते. ती पाहण्यासारखी आहे, पण आपल्याला शांतता हवी आहे, म्हणून ते पाच दिवस सोडावेत. नाताळची सुट्टी आणि उत्तरायणाचे, म्हणजे मकरसंक्रांतीचे, दिवसही टाळावेत. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, मंगळवार ते गुरुवार, सकाळी नऊच्या आत बेटावर, हा माझा अनुभवाने ठरलेला हिशेब आहे.

आणि आता ज्यासाठी जायचे त्याविषयी.

होडी निघाली की समोर बेटावर दाट रान दिसते. उतरून आत शिरल्यावर कळते की त्यातला बराच भाग रान नसून एकच झाड आहे. आपल्या शहराचे नावही वडावरूनच आलेले आहे, इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ते 'वडपद्रक' असे येते. त्यामुळे वडोदऱ्यात राहायला आलेल्या माणसाने हा वड पाहावा असे मला विशेष वाटते. कथा अशी सांगतात की शुक्लतीर्थचे तत्त्वा आणि जीवा हे दोघे भाऊ गुरूच्या शोधात होते. त्यांनी वडाची वाळकी काठी पुरून ठेवली होती आणि ज्याच्या चरणांच्या तीर्थाने तिला पालवी फुटेल तोच गुरू, असे ठरवले होते. कबीर आले आणि ती फुटली. बेटावर कबीरांचे मंदिर आहे. आपल्याकडे वारकऱ्यांच्या कीर्तनात कबीर आपल्याच संतांसारखे येतात, त्यामुळे मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही.

अठराव्या शतकात भरूचला असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी जेम्स फोर्ब्स यांनी या झाडाचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुरांनी बराच भाग वाहून नेल्यानंतरही मुख्य खोडांभोवतीचा घेर सुमारे २००० फूट होता, मोठी खोडे ३५० आणि लहान ३००० हून अधिक होती, असे ते सांगतात. आजचे झाड त्या वर्णनाएवढे राहिलेले नाही, आणि घाटाकडच्या बाजूला खाण्याच्या टपऱ्या व सुट्टीच्या दिवशी गोंगाट असतो, हेही मी लपवणार नाही. पण टपऱ्या ओलांडून दहा मिनिटे आत चालले की आवाज मागे पडतो. तिथे चटई टाकून बसावे.

मुलीला एक गोष्ट जवळून दाखवावी. खाली लोंबणाऱ्या पारंबीचे टोक हातात न धरता नुसते पाहायला सांगावे: ते फिकट पिवळसर, ओलसर आणि बोटाने खुडता येईल इतके मऊ असते. मग जमिनीला नुकतीच टेकलेली पारंबी शोधावी. ती लोंबत नाही, कोणीतरी खालून ओढून धरलेल्या दोरीसारखी ताठ झालेली असते, कारण मातीत मूळ धरल्यावर ती आक्रसते. त्यानंतर मनगटाएवढी, मग मांडीएवढी, आणि शेवटी दोन माणसांच्या कवेत न मावणारी. हे सगळे टप्पे वीस पावलांत एकाच झाडाखाली पाहायला मिळतात. आधार देणारी पारंबी हळूहळू स्वतः खोड होते, फांदीला पाणी पुरवू लागते, आणि मग मूळ खोड उरले नाही तरी झाडाचे अडत नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मुख्य खोड बुरशीने कुजले म्हणून १९२५ मध्ये काढून टाकावे लागले; ते झाड आजही वाढते आहे. कबीरवडला तर मूळ खोड कोणते हे आता ओळखूच येत नाही. माझी भाची हे ऐकून बराच वेळ प्रत्येक खोडापाशी जाऊन 'हेच असेल' म्हणत होती.

पारंब्यांना झोके घेऊ देऊ नयेत, एवढी कळकळीची विनंती आहे. मऊ टोक तुटले म्हणजे पुढे होणारे एक खोड गेले. तिथे आलेली मुले सर्रास लोंबकळतात आणि मोठी माणसे फोटो काढतात, ते पाहून मला फार वाईट वाटते. सालीवर नावे कोरलेलीही दिसतील.

नदीत उतरू नये, पायही सोडून बसू नये. शहरातल्या विश्वामित्री नदीत मगरी राहतात हे वडोदऱ्यात आल्यापासून आपण ऐकलेच असेल. नर्मदेतही त्या आहेत. शिवाय या पट्ट्यात वाळू उपसल्याने पात्रात खोल खड्डे पडतात, आणि घोटाभर पाण्यातून पुढचे पाऊल एकदम डोक्यावरच्या पाण्यात पडू शकते. पोहता येणारी माणसेही अशा खड्ड्यांत गेली आहेत.

बरोबर पिण्याचे पाणी, घरचे जेवण, चटई, आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी एवढे घ्यावे. आम्ही दशम्या आणि कोरडी चटणी नेतो. खायला काढताना मात्र वर पाहावे, माकडे असतात.

आपल्या वडिलांविषयी आपण विशेष विचारले आहे. चढउतार करताना बहुधा फळीवरून किंवा होडीच्या काठावरून पाऊल टाकावे लागते आणि पुढे काही अंतर भुसभुशीत वाळूतून चालावे लागते. गुडघे फार दुखत असतील तर हेच दोन भाग कठीण आहेत. बेटावरची वाट त्यानंतर सपाट आहे. काठी आणि घडीची हलकी खुर्ची न्यावी. त्यांना होडीत सर्वांत शेवटी चढवावे, मध्यभागी बसवावे आणि उतरताना सर्वांत आधी उतरवावे, म्हणजे उभे राहून वाट पाहावी लागत नाही. माझे वडील पंचाहत्तराव्या वर्षी याच रीतीने आले होते, आणि वडाखाली खुर्ची टाकून दिल्यावर 'आता तुम्ही हिंडून या, मी इथेच आहे' म्हणून दोन तास एकटे बसले होते. परत आलो तेव्हा त्यांनी वरच्या फांदीवर हरियलांचा थवा किती वेळा येऊन गेला ते मोजून ठेवले होते.