मेंदूतल्या पेप्टाइडमुळे उंदरांची स्मरणशक्ती खरंच वाढते का?

तुम्ही विचारलंय की मेंदूतली पेप्टाइडं उंदरांच्या शिकण्यावर आणि लक्षात ठेवण्यावर नेमका कसा परिणाम करतात, आणि ‘इंजेक्शन दिलं की उंदीर हुशार होतो’ यात तथ्य किती. औषधांचा उंदरांच्या वागण्यावर होणारा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काही वर्षं काम केलंय, म्हणून आधी तिथला सगळ्यात साधा प्रयोग सांगतो.

एक पेटी, तिचे दोन कप्पे. एकात लख्ख उजेड, दुसऱ्यात अंधार, मध्ये छोटं दार. उंदराला उजेडात सोडला की तो थोड्याच वेळात अंधारात शिरतो, कारण त्याला तिथेच सुरक्षित वाटतं. आत शिरला की पायाखालच्या जाळीतून विजेचा हलका झटका बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात ठेवायचं आणि आत जायला तो किती वेळ लावतो ते मोजायचं. जितका जास्त थांबला, तितकी कालची आठवण पक्की असं धरतात. खरी गोम या ‘धरतात’मध्ये आहे. भेदरलेला उंदीरही थांबतो, सुस्तावलेलाही थांबतो, आणि ज्याला झटका जास्त झोंबला होता तोही. स्मृती कुणाला दिसत नाही, आपल्याला दिसतात ते त्याचे पाय.

त्यामुळे असा कुठलाही निष्कर्ष वाचला की मी आधी बघतो, पेप्टाइड कधी दिलं? शिकवण्याआधी दिलं असेल तर लक्ष, भीती, वेदना यांपैकी काहीही बदललेलं असू शकतं. शिकवून झाल्या झाल्या दिलं असेल तर शिकताना उंदीर नेहमीसारखाच होता, आणि दुसऱ्या दिवशी चाचणीच्या वेळी औषधाचा अंमल बहुतेक ओसरलेला असतो. तरीही फरक पडला, तर तो आठवण मुरण्याच्या काळात पडला असं म्हणायला आधार मिळतो. अमेरिकी स्मृती-संशोधक जेम्स मॅकगॉ यांनी ही पद्धत रुजवली, आणि माझ्या मते या क्षेत्राचं ते सगळ्यात मोठं देणं आहे.

आता पेप्टाइडांकडे वळू. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे संशोधक डेव्हिड डी वीड यांनी १९६०च्या दशकात पाहिलं, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी काढलेले उंदीर झटका टाळायला नीट शिकत नाहीत. याच ग्रंथीतून येणारं एसीटीएच हे संप्रेरक दिल्यावर ते सुधारले. या संप्रेरकाची साखळी ३९ अमिनो आम्लांची. तिच्यातला ४ ते १० हा सात आम्लांचा तुकडाही तेच काम करत होता, आणि हा तुकडा रक्तात स्टेरॉइडं सोडणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीला जवळपास चेतवतच नाही. म्हणजे परिणाम रक्तातल्या स्टेरॉइडांमुळे नव्हता, तुकडा मेंदूवरच काम करत असावा. हा प्रयोग मला आजही फार सुंदर वाटतो.

मग आलं व्हॅसोप्रेसिन, म्हणजे शरीरात पाणी धरून ठेवणारं पेप्टाइड-संप्रेरक. झटका टाळायला शिकलेल्या उंदरांना ते दिलं तर शिकलेलं वागणं कितीतरी जास्त दिवस टिकायचं. शिकवण्याच्या आसपास दिलं तर परिणाम, सहा तासांनी दिलं तर नाही. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो इथे १९६१ साली असे उंदीर सापडले होते, ज्यांच्या शरीरात जनुकातल्या दोषामुळे व्हॅसोप्रेसिन जवळजवळ तयारच होत नाही. ते सतत पाणी पितात आणि सतत लघवी करतात. त्यांची स्मृती कच्ची असल्याचं डी वीड यांच्या गटाने मांडलं, पण इतर काही प्रयोगशाळांना ते तसं दिसलं नाही. शिवाय व्हॅसोप्रेसिन रक्तदाब वाढवतं, मग उंदीर फक्त जास्त उत्तेजित होत असेल तर? रक्तदाबावरचा परिणाम रोखला की स्मृतीवरचा परिणामही जातो, असं काहींनी दाखवलं. डी वीड यांच्या बाजूने उत्तर आलं, की रक्तदाब न वाढवणारे बदललेले रेणूही काम करतात. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचून मला वाटतं, उत्तेजना आणि स्मृती इथे एकमेकांपासून पूर्णपणे सुटी करता येत नाहीत.

शरीरातली अफूसदृश द्रव्यंही, उदाहरणार्थ बीटा-एंडॉर्फिन, शिकवल्यानंतर दिली तर अनेक प्रयोगांत आठवण पुसट करतात. त्यांना अडवणारं नॅलोक्सोन ती गडद करतं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. पेप्टाइडात आठवण साठवलेली नसते. जॉर्ज उंगार या संशोधकाला तसं वाटत होतं. अंधाराला घाबरायला शिकवलेल्या उंदरांच्या मेंदूंतून त्यांनी १५ अमिनो आम्लांचं ‘स्कोटोफोबिन’ वेगळं केलं आणि ते टोचलं की न शिकवलेला उंदीरही अंधार टाळतो असं सांगितलं. १९७२मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने तो लेख छापला, सोबत परीक्षक वॉल्टर स्टुअर्ट यांची सविस्तर हरकतही. तो दावा टिकला नाही. आठवण चेतापेशींच्या जोडण्यांमध्ये घडते, पेप्टाइड फक्त त्या जोडण्या किती घट्ट व्हाव्यात हे कमीजास्त करतं.

मला सगळ्यात पटणारा पुरावा झटक्याविना मिळालाय. माइस, म्हणजे लहान जातीचे उंदीर, ओळखीच्या सोबत्याला दुसऱ्या भेटीत कमी हुंगतात. ऑक्सिटोसिन या मेंदूतल्या आणखी एका पेप्टाइडाचं जनुक निकामी केलेले माइस मात्र त्याला प्रत्येक वेळी नव्यासारखं हुंगत राहतात, असं २०००मध्ये दिसलं. इतर वास त्यांना व्यवस्थित येतात, बाकीचं शिकणंही ठीक असतं. मेंदूतल्या अमिग्डला या भावनांशी निगडित केंद्राच्या मधल्या भागात ऑक्सिटोसिन सोडलं की ओळख परत येते, पण पहिल्या भेटीआधी सोडलं तरच. भेटीनंतर सोडून उपयोग होत नाही. म्हणजे इथे ऑक्सिटोसिन ओळख मनात उतरण्याच्या क्षणी लागतं, आधी सांगितलेलं व्हॅसोप्रेसिन उतरलेलं टिकवायला.

आणि तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल, स्वतः असं काही घ्यावं का? नको. माणसांवरच्या व्हॅसोप्रेसिनच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत आणि त्यातून स्मृतीचं औषध निघालं नाही. त्याचाच भाऊबंद डेस्मोप्रेसिन डॉक्टर वेगळ्या आजारांसाठी देतात, आणि तेही जपून, कारण रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं.