गॅस्केट हजाराच्या आत, मग 16 हजार कशाचे?

प्रश्न : नमस्कार सर, माझी 2009 ची वॅगन आर आहे, पेट्रोल. मागच्या महिन्यात बीडला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात काटा एकदम लालवर गेला, तेव्हापासून पाणी रोज कमी व्हायलंय पण खाली एक थेंब दिसत नाही. गावातला मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट उडालंय, 7 हजारात करून देतो, बीडच्या गॅरेजवाल्यानं 16 सांगितले. गॅस्केट तर हजाराच्या आत येतं म्हणे. विकली तर 70-80 हजार येतील, खर्च करावा का?
– एक वाचक, केज

उत्तर : दादा, पैसे गॅस्केटचे (हेडखालच्या पातळ सीलचे) नाहीतच, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उतरवून परत बसवायच्या कामाचे आहेत. तुमच्या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, गरम झालं की वाकतं, डोळ्याला दिसत नाही पण सपाट पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) सरकवला की लगेच कळतं, 0.05 मिमीच्या वर फट असली की फेसिंग मारायलाच पाहिजे, म्हणजे मशीनवर घासून हेड सपाट करायला पाहिजे. ते न करता नुसतं नवं गॅस्केट टाकलं तर परत उडणार आणि तुमचे 7 हजार पाण्यात. म्हणून दोघांनाही विचारा, हेड चेक करणार का, फेसिंग धरलंय का, बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं) आवळणार का, ऑइल-फिल्टर-कूलंट त्यातच आहे का. टायमिंग बेल्ट तसाही काढावाच लागतो, नवा टाकून घ्या. एवढं सगळं असेल तर 16 मला जास्त वाटत नाहीत.

पण आधी खात्री करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना अजिबात नाही, तोंड भाजेल) रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा, बुडबुडे थांबतच नसतील तर मिस्त्री बरोबर बोलतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखं काही दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, गाडी चालवूच नका, टो करून न्या, बेअरिंग गेले की पूर्ण इंजिनाचं काम निघतं.

आणि गरम का झाली ते शोधल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. आपल्याकडं बरेच जण रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात, कूलरच्या जाळीवर बसतो तसा क्षार आत नळ्यांत बसतो. रेडिएटर साफ करून घ्या, फॅन आणि थर्मोस्टॅट बघा, पुढं कूलंटच टाका.

विकायचं म्हणाल तर गरम होणाऱ्या गाडीला 70 हजार कोणी देत नाही. बॉडी चांगली असेल, निळा धूर (इंजिन ऑइल जाळत असल्याची खूण) नसेल तर काम करूनच घ्या.