बांगड्या फोडू नका म्हटलं की बायकाच अंगावर येतात, त्याबद्दल

तुम्ही ग्रामसभेत विधवाप्रथा बंदीचा विषय काढलात, पुरुष गप्प बसले, बायकाच तुटून पडल्या आणि आता चुलतसासूबाई अबोला धरून आहेत, हे वाचलं. पोटात कालवाकालव झाली. हे सगळं माझंही झालंय.

नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करणारा कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचा ठराव आणि इतर गावांनीही तसंच करावं म्हणणारं राज्य सरकारचं १७ मे २०२२ चं परिपत्रक तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. माझी चूक सांगते.

आमच्या गावात ठराव झाल्यावर पहिल्याच संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू ठेवलं. मागच्या रांगेत एक वहिनी होत्या, नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. मी माइकवरून त्यांचं नाव पुकारलं, हाताला धरून पुढे आणलं, कुंकू लावलं. टाळ्या! फोटो मी स्टेटसला ठेवला. तो नीट बघितला दुसऱ्या दिवशी. मान खाली, पदराचं टोक मुठीत आवळलेलं. तोवर तो त्यांच्या दिराच्या मोबाइलवर पोचला होता. पुढे चार महिने दळण घेऊनसुद्धा त्या बाहेर पडल्या नाहीत, मुलगी यायची.

माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "कुंकवाचं काही नव्हतं हो. पोरीच्या लग्नात मला हळद लावू द्या, एवढं कुणीतरी भाऊजींना सांगायला हवं होतं." वर्षभर ठरावासाठी दारोदार फिरले, पण त्यांना काय हवंय ते विचारलंच नव्हतं.

तेव्हा माझं मत (तुमच्या गावचं गणित वेगळं असेल) असं की ग्रामसभा सगळ्यात शेवटी. आधी ती बाई, एकटी, तिच्या स्वयंपाकघरात. मग ज्यांच्या हातून बांगड्या फुटतात त्या म्हाताऱ्या. त्यांना अडाणी म्हणू नका. बऱ्याचजणी स्वतः यातून गेल्यात. हे चूक म्हटलं तर आपण भोगलं ते फुकटच, हे सोसवत नाही. एका आजींना मी विचारलं, "तुमच्या वेळी कुणी अडवलं असतं तर?" बराच वेळ भाजी निवडत राहिल्या. पुढच्या मयताला गेल्या, पण बांगड्यांना हात लावला नाही. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या केशवपनाला नकार दिला, तोही हातच आखडता घेतला होता की!

पुरुषांकडून हयातीतच लिहून घ्या, 'माझ्यामागे हिचं मंगळसूत्र काढू नका.' गेलेल्याची इच्छा मोडायला भाऊबंद कचरतात. कायद्यात त्याला वजन किती ते वकिलाला विचारा, मी वकील नाही.

ठराव झाला की त्याची नक्कल मात्र लगेच काढून ठेवा. आमच्याकडे 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकत सहा खेपा घातल्या आणि ऐन मयताच्या दिवशी हातात कागद नव्हता. त्या कार्यालयाबद्दल बोलायला लागले तर रात्र पुरायची नाही.

चुलतसासूबाईंकडे सहज म्हणून जा, विषय काढू नका. त्या सवाष्ण आहेत की नाहीत, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.