आईला किती जपताय?

*‘आई ७४ वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून आम्ही तिला कशाला हात लावू देत नाही. आता खुर्चीतून उठतानाही तिला आधार लागतो. भाऊ म्हणतो, वय झालं. मी व्यायामाचं काढलं की घरात सगळे मलाच वेड्यात काढतात.’*

वय झालंय हे खरं, पण सहा महिन्यांत एवढी घसरण नुसत्या वयाने होत नाही. एका अभ्यासात चांगल्या धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचा जवळजवळ १ किलो स्नायू गेला. तुमच्याकडे तर सहा महिने आराम चाललाय, तोही प्रेमापोटी.

आधी डॉक्टरांना विचारा की ती पडली कशामुळे. रक्तदाब झोपून आणि मग उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर आधी त्यावर उपाय हवा. औषधांची सगळी यादी न्या. झोपेच्या गोळ्या हमखास सांगायच्या राहतात.

त्यांनी होकार दिला की बिनहाताची, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घेऊन आईला पाच वेळा उठायला-बसायला सांगा आणि वेळ लावा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे. एकदाही जमलं नाही तर बैठक घट्ट उशीने उंच करा. मऊ उशी नको, ती सरकते. मग दिवसाआड ८ ते १० वेळा उठबस, मध्ये दोन मिनिटं थांबून पुन्हा तेवढीच. बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश खाली यायचं. धपकन बसलं की अर्धी मेहनत वाया. श्वास रोखायचा नाही, रक्तदाब चढतो. तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण दंडाला धरून ओढू नका, खांदा दुखावतो. दहा वेळा सहज जमू लागलं की उशी काढा.

जेवणात प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, तीनही जेवणांत सारखी वाटून, कारण एखाद्या जेवणात थोडीशीच मिळाली तर तेवढ्याने म्हातारा स्नायू जागा होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि तिची कामं तिला परत द्या. कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, काहीही. हातातलं काम काढून घेणं आपल्याला मान वाटतो. तिला ती निवृत्तीची नोटीस वाटत असेल.

भावाला सांगा, १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांकडून ८ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटीच्या वर गेली. तेवढ्याने पटलं नाही तर घड्याळ त्याच्याच हातात द्या. आजचे सेकंद कॅलेंडरवर त्यानेच लिहावेत, आणि आठ आठवड्यांनीही त्यानेच.