भर कार्यक्रमात गिटार मुकी झाली तर?

प्रश्न : आमचा पाच जणांचा बँड असून त्यात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. अलीकडच्या एका कार्यक्रमात दुसरे गाणे रंगात आले असताना माझ्या गिटारचा आवाज अचानक बंद पडला. मी खाली बसून एकेक पेडल (गिटारच्या आवाजात बदल करणारे, पायाने चालवायचे छोटे उपकरण) तपासू लागलो, ते पाहून बाकीचेही थांबले आणि चार मिनिटे रंगमंचावर शांतता पसरली. दोन पेडलांना जोडणारी वीतभर केबल आतून तुटली होती, हे घरी आल्यावर कळले. अशा वेळी नेमके काय करावे?

उत्तर : त्या चार मिनिटांत जिवाची किती घालमेल झाली असेल, याची मला कल्पना आहे. परंतु बिघाड कुठे आहे याचा शोध घरी घ्यावा. रंगमंचावर तो वगळून गाणे पुढे न्यावे. आपल्या गिटारचा आवाज पेडलांच्या ओळीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो आणि या वाटेत सर्वाधिक सांधे पेडलांपाशीच असतात, म्हणून पहिला संशय तिथेच घ्यावा. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणून, हाताशी ठेवलेल्या दुसऱ्या केबलने गिटार थेट त्याला जोडावी. एवढ्याने आवाज आला, तर त्या रात्री पेडले विसरून जावीत. स्वर थोडे कोरडे वाटतील, पण श्रोत्यांना गाणे पूर्ण मिळेल. तरीही आवाज आला नाही आणि अ‍ॅम्प्लिफायरचा दिवाही विझलेला असेल, तर डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणाऱ्या छोट्या पेटीतून, गिटार मिक्सरला देण्याची सोय ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यांशी आधीच बोलून ठेवलेली असावी.

गिटारमध्ये अ‍ॅक्टिव्ह पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारा बॅटरीवर चालणारा भाग, असल्यास 9 व्होल्टची बॅटरी हेही आवाज जाण्याचे कारण असू शकते. अशा बहुतेक गिटारांत केबलचा जॅक गिटारमध्ये घातला की बॅटरीचे सर्किट सुरू होते, त्यामुळे वादन संपल्यावरही केबल तशीच राहिली तर बॅटरी नकळत संपत जाते.

माझ्या मते आपल्या प्रसंगातील खरी हानी केबलने केली नाही, ती सर्वांच्या थांबण्याने झाली. ड्रम आणि बास यांनी ठेका धरून ठेवला असता, कीबोर्डने आपल्या सुरावटी उचलल्या असत्या, तर गिटार नाही हे फार थोड्यांच्या लक्षात आले असते. हे आयत्या वेळी सुचत नाही, त्याचा सराव करावा लागतो. तालमीत एखाद्याने न सांगता कुणाची तरी केबल काढावी आणि उरलेल्यांनी गाणे शेवटपर्यंत न्यावे. गाणे थांबवणे अटळच झाले, तर श्रोत्यांशी कोणी बोलायचे तेही आधी ठरलेले असावे.

सोबतच्या पेटीत दोन मोठ्या केबल, पेडलांच्या काही छोट्या केबल, तारांचा संच, बॅटऱ्या, छोटी विजेरी आणि फ्यूज असावेत. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज घालावा. तोही लगेच उडाला, तर त्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर बाजूला ठेवावा. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर स्पीकर जोडल्याशिवाय तो वाजवू नये, कारण त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शक्य असल्यास सुरात लावलेली दुसरी गिटार मागे ठेवावी. तार तुटल्यावर ती बदलत बसण्यापेक्षा गिटारच बदलणे सोपे जाते.

एका बाबतीत मात्र गाणे पुढे नेण्याचा विचारही करू नये. हात तारांवर असताना ओठ मायक्रोफोनला लागून झिणझिण्या आल्या, तर अर्थिंगमध्ये दोष असण्याची शक्यता मोठी असते आणि असा धक्का जिवावर बेतू शकतो. त्या क्षणी वादन थांबवून मायक्रोफोनपासून दूर व्हावे, वीज मुख्य बटणापासून बंद करायला लावावी आणि जाणकाराने तपासणी करेपर्यंत कोणीही वाद्याला हात लावू नये. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे वादक मी पाहिले आहेत. आपल्या बँडमध्ये कोणी तसे केले असेल, तर तो प्लग पुढच्या तालमीपूर्वीच बदलून घ्यावा.